आईच्या बोटांसाठी शिवून घेतलेली उठावाची गोधडी: चार महिन्यांनंतर

माझी आई ८४ वर्षांची आहे. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला दोन वर्षं झाली. बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते, त्यामुळे आमच्या घरात कापड चिमटीत धरून पाहायची रीत. इतवारीत दुकानदाराने 'प्युअर कॉटन' म्हणून पुढे टाकलेला तागा आई अंगठ्याखाली एकदा फिरवायची आणि म्हणायची, "याच्यात पॉलिस्टर आहे भाऊ, दुसरं दाखवा." नजर गेली, पण ती चिमूट अजून शाबूत आहे. दुपारी पलंगावर बसल्या बसल्या तिचे हात सारखे काहीतरी शोधत असायचे. चादरीच्या काठाचा दोरा ओढून ओढून तिने दोन चादरींची शिवण उसवली. तेव्हा माझ्या मनात आलं की हिला हातांनी वाचता येईल असं काहीतरी अंगावर द्यावं.

मी शाळेत २९ वर्षं शिवणकाम शिकवलं. धावदोरा, हेम, चुण्या, टक्स हे सगळं हाताखालून गेलेलं. पण अख्खी गोधडी शिवायला आता माझी मान साथ देत नाही. म्हणून शिवणारी शोधली आणि ती सापडली जुन्या नागपुरातल्या महाल भागात. बडकस चौकातून आत शिरलं की एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर दोन खोल्या आहेत. दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर 'गोधडी, दुपटी, रजया शिवून मिळतील' एवढंच लिहिलंय. शिवणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या, हाताखाली दोन मुली, एक पायमशीन आणि एक मोटरचं. मी गेले तेव्हा त्या जमिनीवर मांडी घालून रजईला टाके घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसा काकू, ही ओळ संपवतो." आपल्याकडच्या बायका 'संपवतो, जातो, करतो' म्हणतात ते ऐकलं की मला बरं वाटतं.

त्यांना मी सांगितलं ते असं: मांडीवर घेता येईल एवढी, ४५ बाय ६० इंचांची गोधडी. पंधरा-पंधरा इंचांचे बारा चौकोन, आणि हाताला प्रत्येक चौकोन वेगळा लागला पाहिजे. रंग कुठलेही चालतील. ताईंनी सुई उशीला टोचली आणि विचारलं, "आजींना दिसत नाही का?" मी हो म्हटलं. त्यांनी आतल्या खोलीतून नमुन्यांची पिशवी आणली आणि मला म्हणाल्या, "मग डोळे मिटा आणि तुम्हीच सांगा कोणते ठेवायचे." या एका वाक्यावर मी ऑर्डर दिली.

त्या पिशवीत जे होतं, त्यातल्या प्रत्येक प्रकाराला आपापला देश आणि आपापला काळ आहे. मी शिकवायचे तेव्हा हे पुस्तकातून सांगायचे. इथे सगळं एका मांडीवर आलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला मान ट्रापुंतोचा. शब्द इटालियन आहे. कापडाचे दोन थर घ्यायचे, त्यांच्यावर आकृतीची बाह्यरेषा बारीक टाक्यांनी शिवायची आणि मग मागच्या बाजूने फक्त त्या आकृतीच्या पोटात कापूस भरायचा. आकृती फुगते, भोवतालची जमीन सपाट राहते. या कामाच्या सगळ्यात जुन्या आणि भव्य नमुन्यांपैकी एक सिसिलीत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवलेला आहे. त्यावर ट्रिस्टन नावाच्या सरदाराच्या कथेतले प्रसंग आहेत, त्यांच्यावर सिसिलीच्या बोलीत मजकूरही शिवलेला आहे. त्याचा एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि एक फ्लॉरेन्सच्या बारजेलो संग्रहालयात. कापड जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं, आणि आत भरलेला कापूस. सहाशे वर्षांहून जास्त काळ गेला तरी माणसांचे आणि जहाजांचे फुगवटे अजून उभे आहेत. वर्गात मी हे सांगितलं की विदर्भातल्या मुली एवढंच विचारायच्या, "मॅडम, कापूस कुठला होता?"

ताईंनी ट्रापुंतोसाठी संत्रं सुचवलं. मला आधी ते फार नेहमीचं वाटलं, कारण नागपुरात रिक्षापासून रेल्वे स्टेशनापर्यंत सगळीकडे संत्रंच. पण त्यांच्या डोक्यात आडवं कापलेलं संत्रं होतं, आतल्या फोडी दिसतात तसं. त्यांनी ते शिवताना मी दोन तास समोर बसून पाहिलं. वरती केंब्रिक, खाली विरळ विणीची मलमल. प्रत्येक फोडीची कड मागच्या टाक्याने बंद केलेली. मग कापड उलटं केलं. मलमलीला कात्री लावलीच नाही. गोधडीच्या जाड सुईच्या नाकाड्याने मलमलीचे धागे हळूच दोन बाजूंना सारले, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक झालं. त्यातून पिंजलेल्या कापसाचं बोंडूक चिमूट चिमूट आत ढकललं, आधी कोपऱ्यांत, मग मध्ये. फोड भरली की सुईच्या टोकाने तेच धागे परत एकमेकांकडे ओढून आणले. भोक होतं कुठे ते मला शोधूनही सापडेना. कापून भरलं आणि वरून शिवलं की धुण्यात तिथूनच उसवतं. मी स्वतः वर्गात मुलींना कापूनच शिकवलं होतं, वेळ वाचायचा म्हणून. ताईंचं पाहिल्यावर ते चुकलं होतं हे कळलं.

त्याचाच धाकटा भाऊ म्हणजे फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातलं बूती. यात आकृतीबरोबर लांब लांब नळ्या शिवतात आणि मागून सुईने त्यांच्यात सुताची वात ओढून घेतात. सतराव्या आणि अठराव्या शतकात मार्सेय बंदरातून अशी पांढऱ्यावर पांढरी कामं परदेशी जायची. पुढे इंग्लंडमध्ये त्यांची नक्कल थेट मागावरच विणायला सुरुवात झाली. आज दुकानात 'मातलासे' म्हणून जी फुगीर बेडशीट मिळतात ती त्याच वळणाची: सुई नाही, कापूस नाही, सगळा उठाव विणीतलाच. खरं बूती उजेडासमोर धरलं की वात नाही तिथून प्रकाश झिरपतो आणि वात आहे तिथे सावली पडते. आईला त्याचा काय उपयोग, असं मला वाटलं होतं. पण तिचं बोट नळीवर ठेवलं आणि ती रेषेरेषेने पुढे सरकायला लागली. ताईंनी नळ्यांची नागमोडी वाट केली होती, एका कोपऱ्यातून निघून मधल्या फुलाशी संपणारी. आई रोज ती वाट चालते.

पफची गोधडी तुम्ही इंटरनेटवर पाहिलीच असेल, सध्या दुपट्यांसाठी तिची फार मागणी आहे. खालचा चौकोन लहान, वरचा त्याहून इंचभर मोठा. वरच्याच्या प्रत्येक बाजूला मध्यावर एक चूण घालायची, तीन बाजू शिवायच्या, आत भरायचं, चौथी बंद करायची. झाली एक उशी. अशा उशा एकमेकींना जोडत जायचं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातल्या बायका रेशमाच्या तुकड्यांच्या अशा उशा करायच्या. आणि त्याच राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्या दिवशी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांनी नागपुरात मिल सुरू केली आणि तिचं नाव एम्प्रेस ठेवलं. बाबांच्या मिलचं नाव आणि आईच्या मांडीवरच्या उशा असं एका ठिकाणी येऊन मिळतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

पफमध्ये मी कापूस मागितला होता. ताईंनी सरळ नाही म्हटलं. "काकू, कापूस भरला तर पहिल्या धुण्यात प्रत्येक उशीत एकेक गोळी होईल. रजईतला कापूस जागेवर राहतो तो टाक्यांमुळे. इथे मध्ये टाका नाही." बरोबर बोलल्या. आपल्या गोधडीचे टाके इतके जवळ जवळ का, याचं उत्तर यातच आहे. बोटभर अंतरावर ओळ, ओळीत तांदळाएवढा टाका, म्हणून आतलं लुगडं, धोतर, जुनी चादर सगळं एकजीव होतं आणि वर्षानुवर्षं आपटून धुतलं तरी सरकत नाही. पिंजाऱ्याकडून भरून आणलेली रजई मात्र दोन-तीन हिवाळ्यांनी उसवून परत पिंजून घ्यावी लागते. तर पफमध्ये पॉलिएस्टर फायबर भरलं. आईने पहिल्याच दिवशी उशी दाबून सांगितलं, "आत कापूस नाही." पण चौकोन ठेवू दिला.

यो-यो ही मला सगळ्यात कमी आवडलेली गोष्ट. गोल कापायचा, कडेने दोरा घालून आवळायचा, की चुण्यांचं चपटं फूल होतं. पाच इंचांचा गोल घेतला तर फूल जेमतेम अडीच इंचांचं. इंग्लंडात याला सफोक पफ म्हणतात, अमेरिकेत १९२० पासून पुढची दोन-तीन दशकं याची लाट होती, कारण पदराच्या चिंध्यांतूनही ते निघतं. फुलं फक्त कडांना टाचलेली, मध्ये भोकं, आत भरण नाही. म्हणजे ऊब शून्य. मांडणी म्हणून पलंगावर टाकायला छान. माझी तक्रार दुसरी आहे: फुलाच्या मधल्या भोकात आईची पाटली अडकली. तिने हात ओढला आणि दोरा तुटला. मी ताईंना फोन केला तेव्हा त्यांनी मान्य केलं की हे आधी लक्षात यायला हवं होतं, आणि सगळी फुलं उलटी करून, सपाट बाजू वर घेऊन परत टाचून दिली. आता तिथे गोल गोल नाणी लागतात हाताला. तुम्ही म्हाताऱ्या माणसासाठी किंवा बाळासाठी करणार असाल तर यो-यो घेऊच नका.

कॅथेड्रल विंडो म्हणजे घड्यांची करामत. मोठ्या चौकोनाची चारही टोकं मध्यावर आणायची, परत एकदा आणायची, दोन चौकोन जोडायचे आणि जोडावर रंगीत तुकडा ठेवून घड्यांच्या कडा त्यावर वळवून टाचायच्या. कड तिरक्या धाग्यावर असते म्हणून आपोआप कमानीसारखी वळते. चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीसारखं दिसतं म्हणून ते नाव. यात आत अस्तर-कापूस काही नाही, पण कापड इतकं खातं की पंधरा इंचांच्या एका चौकोनाला जवळजवळ पाऊण मीटर पांढरा लठ्ठा लागला. दिसायला बाराही चौकोनांत हाच देखणा. घरी येणारा प्रत्येक जण आधी यावरच बोट ठेवतो. आईला मात्र तो नीट कळत नाही. "सगळीकडे घड्याच घड्या, इस्त्री करायची राहिली का?" असं तिने विचारलं. वजनही याचंच जास्त.

आता त्या चौकोनाबद्दल, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले होते. त्यांच्या बायका कौंदी शिवतात. आपण गोधडीचे थर अंथरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळी घालत जातो. त्या काठापासून सुरुवात करतात आणि तुकड्यावर तुकडा ठेवत, कड आत दुमडत, टाके घालत गोल गोल मध्याकडे येतात. शेवटचा तुकडा मध्यावर बसतो. आणि चारही टोकांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुलांशिवाय कौंदी पुरी झाली असं मानत नाहीत. ताई हे काम एका प्रदर्शनात सिद्दी बायकांच्या शेजारी बसून शिकल्या होत्या, आणि हे त्या न विचारता सांगतात, आपलं म्हणून खपवत नाहीत. मला ते फार आवडलं.

या चौकोनासाठी मी घरून कापड दिलं: आईची दोन लुगडी, बाबांचं एक धोतर, माझ्या लहानपणीच्या फ्रॉकचा घेर आणि मिलमधून बाबांना मिळालेल्या मांजरपाटाचा तुकडा, जो आईने ट्रंकेत जपून ठेवला होता. ताईंनी तो मांजरपाट मध्यावर बसवला, शेवटचा तुकडा म्हणून. मी आईला यातलं काही सांगितलं नव्हतं.

गोधडी घरी आली त्या दिवशी आईने ती मांडीवर घेतली आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. संत्र्यावर आली, फोडी मोजल्या, "नऊच आहेत" म्हणाली. नळ्यांची वाट चालून झाली. मग कौंदीच्या चौकोनावर हात आला. आधी कोपऱ्यातलं फूल चाचपलं. मग काठाचं लुगडं. "हे माझं हिरवं होय का?" हिरवंच होतं, रंग तिला कसा कळला विचारू नका, बहुतेक काठाच्या विणीवरून. बोट तुकड्यातुकड्यावरून आत आत सरकत गेलं. मध्यावर थांबलं. तिने चिमटीत कापड धरलं, दोनदा फिरवलं. "हा मिलचा आहे." मग बराच वेळ काही बोलली नाही. तिथेच हात ठेवून बसून राहिली.

उरलेल्या चौकोनांबद्दल थोडक्यात सांगते. टक्सचा चौकोन, म्हणजे उभ्या बारीक घड्या शिवून मग आडव्या टिपांनी त्या एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवलेल्या, फारच यशस्वी: हात फिरवला की लाटा लागतात, आणि खर्च काहीच नाही. कडेची त्रिकोणी घड्यांची झालर, जिला अमेरिकेत प्रेअरी पॉइंट म्हणतात, आईला बोटांनी मोजायला आवडते. साध्या धावदोऱ्याच्या गोधडीचा एक चौकोन मी मुद्दाम ठेवला होता, हाताला विसावा म्हणून. बाकी चार चौकोन यातल्याच प्रकारांचे, मापं बदलून केलेले.

आता हिशोब. ताईंनी ६,८०० रुपये घेतले, मी दिलेलं जुनं कापड सोडून बाकी सामान त्यांचं. मला हे जास्त वाटत नाही. एकट्या ट्रापुंतोच्या चौकोनाला तीन दिवस लागलेले मी पाहिलेत. पण त्यांनी चार आठवडे सांगून सात आठवडे लावले आणि मधल्या काळात दोनदा फोन उचलला नाही. लग्नसराईचं काम होतं हे नंतर कळलं. ते आधी सांगितलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. डिसेंबरच्या थंडीसाठी मागवलेली गोधडी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आली, नागपुरात पारा दहाच्या खाली उतरून गेल्यावर.

दुसरा दोष कापडाचा. झालरीला वापरलेला मरून तुकडा आधी भिजवून घेतलेला नव्हता. पहिल्या धुण्यात त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या लठ्ठ्यावर उतरला, कॅथेड्रल विंडोचा एक कोपरा गुलाबी झाला. गोधडी शिवणाऱ्याने नवं सुती कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून, वाळवून, मगच कापावं. आकसणंही तिथेच होऊन जातं आणि कच्चा रंगही तिथेच कळतो. ताईंनी झालर बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, पण गुलाबी कोपरा तसाच आहे. तुम्ही ऑर्डर द्याल तेव्हा हे तोंडाने सांगा.

चार महिन्यांत तीनदा धुतली. मशीनमध्ये घालत नाही. बादलीत रिठ्याच्या पाण्यात बुडवून, हाताने दाबून, पिळत नाही. दोरीवर लटकवली तर भिजलेल्या वजनाने ट्रापुंतोच्या कडा ओढल्या जातात, म्हणून गच्चीवर बाजेवर पसरून, उलटी करून वाळवते. एप्रिलच्या उन्हात चार तासांत खडखडीत होते. कोरडी गोधडी पावणेतीन किलो भरली. मांडीवर ठीक आहे, रात्रभर अंगावर घ्यायला आईला जड होते. पुन्हा अशी गोधडी शिवून घेतली तर मी कॅथेड्रल विंडोचे दोन्ही चौकोन काढून त्या जागी टक्स घेईन. पफचे चौकोन बसून बसून थोडे चपटे झालेत, ते चालायचंच.

ताईंकडे जायचं असेल तर सकाळी अकरानंतर जा, कापड स्वतःचं घेऊन जा आणि कुणासाठी हवी ते आधी सांगा, मापापेक्षा त्या तेच आधी विचारतात. तारीख मात्र कागदावर लिहून घ्या. मी पुढच्या महिन्यात भाचीच्या बाळाचं दुपटं टाकणार आहे, फक्त टक्स आणि साधा धावदोरा, बटण नाही, यो-यो नाही. आणि संत्र्याची दहावी फोड. ताई म्हणाल्या तिथे जागा नाही, आई म्हणते सरकवून बसवा. दोघींचं फोनवर अजून चालू आहे.